दोन कुलपांचं गोदाम

"तुमचे दादा गेले... लगेच निघा. गर्दी व्हायची न्हाई, कुणासाठी थांबायचं न्हाई," एवढंच वहिनी फोनवर बोलल्या. दिंद्रुडला पोचले तर खरोखरच ओटा मोकळा होता. ज्याच्या सहीशिवाय साखर कारखान्यात कुणाचा पगार निघत नव्हता, त्याला खांदा द्यायला भावकीतलीच माणसं. मला रडू आलं नाही, संताप आला. तो अजून उतरलेला नाही.

दादा त्या सहकारी कारखान्याचा मुख्य लेखापाल, मी कॉलेजात वाणिज्य शिकवते. त्यामुळे आम्हा बहीणभावांची भांडणंसुद्धा ताळेबंदावरून. वर्षभरात रोख होईल अशी मालमत्ता वर्षभरात द्यायच्या देण्यांच्या दुप्पट असली की संस्था धडधाकट, असं मी मुलांना सांगायचे. तो हसायचा. "तुझ्या पुस्तकात दोनास एक. आमच्या गोदामाला कुलपं दोन अन् आपली चावी एक!" साखर बँकेकडं तारण होती, दाराला एक कुलूप कारखान्याचं, एक बँकेचं. "साखर बाजूला काढ, मग खेळतं भांडवल किती उरतंय बघ," म्हणायचा. बाजूला काढली की काहीच उरत नसे.

दुष्काळ पडला आणि उभा ऊस चारा छावणीत गेला. गाळपाला काय येणार, हे दिसतच होतं. तरी वार्षिक सभेत अध्यक्षांनी अहवालातलं दोनास एकचं गुणोत्तर वाचून दाखवलं, उसाच्या बिलाची चढी पहिली उचल जाहीर केली आणि सभासदांना थेट गोदामाच्या खिडकीशी नेलं. "बघा, पत्र्याला टेकलीय साखर!" टाळ्या पडल्या. डोळ्यांना दिसते ती साखर आपली नाही, हे कुणाला पटणार? दादा एकटाच पुढं झाला. "खिडकीत काय बघता? दाराकडं बघा. दुसरं कुलूप कुणाचं हाय? हंगाम सुरू करू नका, उसाचं बिल द्यायला पैसा न्हाई."

"बॉयलर पेटायच्या आधीच असं अभद्र कशापायी बोलता, साहेब?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि 'मंजूर, मंजूर' म्हणत सभा जेवायला उठली.

हंगाम अर्ध्यातच बंद पडला. मग बँकेचे ट्रक आले... आणि कारखान्याचं कुलूप दादालाच उघडून द्यावं लागलं. बिलाची वाट बघणारे शेतकरी फाटकाशी उभे होते. त्यांना दिसलं ते एवढंच, की चावी दादाच्या हातात आहे आणि साखर चालली आहे. 'लेखापालानं साखर विकली' हे त्याला कायमचं चिकटलं. लग्नकार्यात जाणं त्यानं सोडलं, पुढं पारावर बसणंही. मी चिडून म्हणायचे, "अरे, सांग की लोकांना!" तो मान खाली घालून म्हणायचा, "सभेत सांगितलं की, बाई."

कारखान्यानं ती चावी पुन्हा मागितलीच नाही. ती स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला असते. तेराव्यानंतर वहिनींनी ती पदरानं पुसून माझ्यापुढं धरली. "हिचं काय करू? आता तर गोदामाला दारबी न्हाई."

मी ती परत खिळ्याला अडकवली. गावाच्या लेखी दादाच्या हातात सगळं गोदाम होतं. त्याच्या हातात होती ती ही एवढीच.