कोरडी पडलेली काच

सरांनी बर्नरची रबरी नळी उपसली आणि माझ्या हातावर ओढली. एकदा नाही. मनगटावर एक, दंडावर एक, तिसरी मानेवर. सगळा वर्ग बघत होता. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, माझ्या वयाच्या पोरींना गावाकडं दोन-दोन लेकरं, आणि हा बाप्या मला गुरासारखं झोडपतोय.

"इलेक्ट्रोडची वाट लावलीस," ते म्हणाले. "दोर वळा, केरसुण्या बांधा. काच हाताळणं तुमच्या जातीचं काम नव्हे."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी उभी. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

सांगलीचं कॉलेज. दुष्काळ नुकताच सरला होता. मी लोणंदजवळच्या खेड्यातली, मांगवाड्यातली. आमच्या वाड्यातून कॉलेजात पोचलेली पहिलीच. सगळ्या कॉलेजात आम्लता मोजायचं यंत्र एक आणि त्याचा काचेचा इलेक्ट्रोडही एकच. नळीच्या टोकाला हरभऱ्याएवढा फुगा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. तो द्रावणात बुडवला की पाण्यातले हायड्रोजनचे आयन त्याला जाणवतात आणि यंत्राची सुई हलते. डोळ्याला जे कधी दिसणार नाही ते सुई सांगते. पहिल्यांदा बघितलं आणि मी खुळीच झाले. मला हेच शिकायचं होतं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी धरायची होती. त्यासाठी पास व्हायला हवं होतं, आणि इलेक्ट्रोडचा प्रयोग केल्याशिवाय प्रात्यक्षिकात पास करत नव्हते.

सरांनीच पहिल्या तासाला शिकवलं होतं. "ही काच कोरडी पडू द्यायची नाही. कोरडी पडली की ती खोटं बोलते. डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, टिपकागदानं हलकेच टिपा, घासू नका, आणि पाण्यातच बुडवून ठेवा." सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही.

माझी पाळी रोज शेवटची. माझं झालं की गणपा शिपाई इलेक्ट्रोड उचलून मागं न्यायचा. मला वाटायचं, दिवसाचं काम संपलं म्हणून नेत असेल. मग मला हिवताप आला आणि मी आठवडाभर वसतिगृहात पडून राहिले. प्रयोगातली माझी जोडीदारीण शमीम, तिथल्याच कल्हईवाल्याची पोर, ती भाताची पेज घेऊन आली. बसल्या बसल्या म्हणाली, "अगं, एक सांगू? तू न्हाईस तवापासनं सुई कशी सरळ चाललीया. आन् गणपामामा इलेक्ट्रोड मागं न्हेतच न्हाई. भांड्यातच बुडवून ठेवतोय."

ताप उतरला, परत गेले, आणि काम संपल्यावर त्याच्या मागोमाग मोरीपाशी जाऊन उभी राहिले. गणपानं चिमूटभर राख घेतली आणि तो फुगा खसाखसा घासला. नळाखाली धरला, फडक्यानं कोरडा केला आणि खिडकीच्या गजाला बांधून उन्हात लटकावला.

"मामा, ह्ये काय करतायसा?"

"सरांचा हुकूम हाय," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "तुझा हात लागला की घासायचा आन् वाळवायचा. सरस्वतीच्या तसबिरीखालच्या कपाटात ठेवत्यात न्हवं ते. खंडेनवमीला पूजा असती त्येची. इटाळ चालत न्हाई."

म्हणजे बघा. शास्त्र शिकवणारा माणूस. काच वाळवू नका म्हणून फळ्यावर लिहिणारा. पण माझ्या बोटाचा विटाळ काढायचा म्हटल्यावर त्याचं शास्त्र गेलं खड्ड्यात. वाळवलेली काच दुसऱ्या दिवशी सुई भरकटवायची आणि बोट माझ्याकडं. "काल शेवटी कुणी वापरला?" मीच. रोज मीच असणार, दुसरं कोण?

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत सुई भरकटली आणि सरांनी नळी उपसली. दोन फटके खाल्ल्यावर मी एवढंच म्हणाले, "सर, वाळवल्यामुळं होतंय. गणपामामा राखेनं घासतात." मानेवरचा तिसरा त्याबद्दल होता.

"परीक्षेला यंत्राला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "लिटमसचा कागद देतो. तुला तेवढं पुरे."

लिटमस नुसता तांबडा नाहीतर निळा होतो. त्यावर आकडा येत नाही. आकडा नाही म्हणजे नापास.

शनिवारी घरी गेले. आई दारात दोरासाठी वाख वळत बसली होती. दुष्काळात खडी फोडून तिची दोन नखं कायमची गेली होती. मानेवरचा वळ तिला दिसला.

"कुनी मारलं?"

"सरांनी."

"आन् तू काय केलंस?"

"काय न्हाई."

ती उठली आणि माझ्या थोबाडीत लगावली. कान बधिर झाला.

"मी हितं हाडं झिजवतीया ती तू मार खाऊन घरला यावंस म्हनून व्हय गं? मारच खायचा हुता तर गावात काय कमी हुती मारनारी?"

मग तीच रडत बसली. रडत रडत मानेला हळद लावली. मी तिच्यावर लय चिडले. गाडीत बसले तरी चिडलेलीच होते. सांगली आली तेव्हा कळलं, राग आईवर नव्हताच.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले होते. माझ्या जागेवर लिटमसचे कागद मांडून ठेवलेले. मी ते खाली पाडले, यंत्रापाशी गेले आणि इलेक्ट्रोड द्रावणावर धरला.

"हात काढ," सर म्हणाले.

"न्हाई काढत."

कॉलेजात इतकी वर्षं जपून शुद्ध बोलत होते. त्या घटकेला गावचीच बोली आली, आणि बरं झालं आली.

नळी आली. पहिला फटका गालावर खाल्ला. दुसऱ्याला नळी हातात धरली आणि जीव खाऊन ओढली. सर टेबलावर आपटले, बाटल्या खाली पडून फुटल्या. त्यांनी माझ्या आईवरून शिवी दिली. "गणपा, धर हिला!" गणपानं वेणी धरली आणि माझं डोकं टेबलाच्या कडेवर हाणलं. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. चाचपडताना हाताला लोखंडी स्टँड लागला. उचलला आणि फिरवला. सरांच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं.

"आता या! कोन येतंय ते बघू!"

गणपानं वेणी सोडली. परीक्षक भिंतीला चिकटले. एकटी शमीम पुढं आली. ओढणीचा बोळा करून तिनं माझी भुवई दाबून धरली. "कर तू," ती म्हणाली. "मी हाय हितं."

द्रावणात माझं रक्त ठिबकलं होतं. ते ओतून दिलं, भांडं धुतलं, नवीन घेतलं. इलेक्ट्रोड धुतला, टिपला, बुडवला. वरून थेंब थेंब अल्कली सोडत गेले. सुई जागची हलायलाच तयार नाही. मग जरा हलली. मग एका थेंबासरशी टणकन उडून पलीकडं. मी आकडा मोठ्यानं वाचला. परीक्षकांनी ऐकला. लिहून मात्र घेतला नाही.

नापास केलं.

प्राचार्यांनी बोलावलं. शेजारी सर, हात गळ्यात बांधलेला. प्राचार्य म्हातारे, लय गोड बोलायचे.

"हे बघ मुली, सरांनी मोठ्या मनानं पोलिसांत दिलेलं नाही. त्यांच्या पाया पड आणि हा दाखला घे. वर्तणूक उत्तम असं लिहिलंय. दुसऱ्या गावच्या कॉलेजात जा. इथं तुझं आता जमायचं नाही."

"मला मारलं त्याचं काय?"

"गुरूचा मार प्रसादासारखा असतो."

"मग ह्यांचा हात मोडला त्यो बी प्रसादच समजा की."

सर ओरडले, "ही पुन्हा या आवारात दिसता कामा नये!"

मी दाखला उचलला. चांगला जाड कागद होता. उभा फाडला, आडवा फाडला, तुकडे त्यांच्याच टेबलावर टाकले.

"पुढच्या साली हितंच बसनार," मी म्हणाले. "त्याच यंत्रावर. पोलिसांत द्यायचं तर आत्ताच द्या, मी भाईर पायरीवर बसतीया. आन् परत हात उचललासा, तर ह्यो दुसरा बी मोडीन."