कोळसा संपल्यावरची वखार

फोन शेजारच्या कापड दुकानातल्या सिंधी काकांचा होता. "बेटी, मावशी वखार में ही... तू जल्दी आ जा." अंबरनाथहून उल्हासनगर कॅम्प दोनला पोहोचेपर्यंत मी काय ते समजून चुकले होते.

शांतामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिचे यजमान वारल्यावर कोळशाची वखार तिने एकटीने चालवली. मी लहान असताना तिथे दिवसभर वर्दळ असे. मिठाईवाले भट्टीसाठी दगडी कोळसा न्यायचे. इस्त्रीवाले आणि शेगडी पेटवणाऱ्या बायका लाकडाचा लोणारी कोळसा. वजन होईपर्यंत कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या सासूचं दुखणं, सगळं बोलून व्हायचं. मग घरोघरी सिलिंडर आले आणि बायका यायच्या थांबल्या. मिठाईवाल्यांनी गॅसच्या भट्ट्या बसवल्या, इस्त्रीवाल्यांनी विजेच्या इस्त्र्या घेतल्या. मावशीने कुणालाच बोल लावला नाही. खोकल्याने बेजार होऊन तिने स्वतःही गॅस घेतलाच होता. "धूर गेला ते बरंच झालं गं," ती म्हणायची, "पण त्याच्यासोबत माणसंही गेली..."

शेवटी एक म्हातारा इस्त्रीवाला तेवढा उरला. तोही गावी गेला, तेव्हा तिने माल मागवणं बंद केलं. तिचा मुलगा सुनील तिला बदलापूरच्या फ्लॅटवर घेऊन गेला. तिथे पाइपचा गॅस. सुनील आणि सून सकाळीच कामाला निघत, आणि मावशी संध्याकाळपर्यंत बंद दाराकडे बघत बसे. एकदा मी गेले तर म्हणाली, "इथे सिलिंडरवालासुद्धा येत नाही गं." मी हसले. ती हसली नाही. पावसाळा संपताच ती वखारीत परतली. सुनील चिडला, "अगं आई, विकायला आहे काय तिथे?"

"काही नाही रे. पण दार उघडं असलं की कुणीतरी डोकावतं."

त्याच संध्याकाळी, तिचे अंत्यसंस्कार उरकल्यावर, सुनील आणि मी वखार बंद करायला गेलो. कोळशाचा खडाही नव्हता. फरशी धुतलेली, आणि कोपऱ्यात काठोकाठ भरलेला माठ. शेजारी चार पेले पालथे. त्या सकाळीच भरला असणार तिने.  सुनीलने एक पेला भरून माझ्या हातात दिला.

तो माठ आता माझ्याकडे आहे. रोज सकाळी भरते, चारही पेले धुऊन ठेवते... घरात मी एकटीच. वापरात एकच येतो.