अकलूजचं काम

झेंडूचा वास आला की मला सोलापुरातली पहिली नोकरी आठवते. जमीन मोजायला आमच्याकडे धुळीला न भिणारा जाडजूड लॅपटॉप होता. त्याचं चित्र हातात धरून शेतात फिरता यावं म्हणून नवी वायरलेस स्क्रीन आली. साहेब म्हणाले, "जो ही चालू करेल, त्याला अकलूजचं काम."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुंभारीच्या रानात मी सकाळपासून खटपट करत होतो. स्क्रीन लॅपटॉपला जोडलीच जाईना. माझ्यासोबत नोकरीला लागलेला नितीन आला, त्याने लॅपटॉपच्या कडेचं बटण सरकवलं आणि चित्र उमटलं.

"अरे, खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही म्हणून तूच वायरलेस बंद केलंस की! वर हळद-कुंकू लावलंस. लई भक्ती हाय गड्या तुझी!"

सगळे हसले. अकलूज नितीनला मिळालं.

पुढे मलाही चांगली कामं मिळाली. घरातल्या पहिल्या पदवीधराला आणखी काय हवं? तरी हेवा गेला नाही, आणि तो अकलूजचा नव्हताच. नितीनच्या घरी लहानपणापासून कॉम्प्युटर होता. बिघडलं तर काय, हा विचारही न करता त्याचा अंगठा बटणावर गेला होता. माझा हात नव्या यंत्रापाशी अजूनही क्षणभर थांबतो.