गुलाबी पानं

आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय-पुस्तिकेत पुनर्विवाहवाल्यांची पानं शेवटी असत आणि ती गुलाबी कागदावर छापत. कोणी ठरवलं, देव जाणे. पुढे पुस्तिका काढणाऱ्या समितीला वेबसाइटची हौस आली आणि वर्ध्यात कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला मी एकमेव विद्वान सापडलो.

मी अख्खी पुस्तिका जशीच्या तशी चढवली. नाव, शिक्षण, उंची आणि पानाचा रंग, सगळी खिचडी. गुलाबी रंग तर थेट नावालाच चिकटवला. नाव जाईल तिथे रंग मागोमाग. माझं मलाच फार कौतुक वाटलं.

माझी मावसबहीण समुद्रपूरला मास्तरीण. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. फॉर्म तिने स्वतःच भरून दिला होता. एका रविवारी एसटीने आली आणि माझ्या कॉम्प्युटरवर आपलं नाव शोधू लागली. सापडलं सगळ्यांत खाली, गुलाबी.

"म्या फॉर्मात रंग लिहला होता काय रे?"

"नाई, ताई."

"मंग हा कोणाचा हाय?"

मी चहाचं बघायला उठलो. ती म्हणाली, बस.

त्या आठवड्यात मी सगळं उसवलं. माहिती एका तक्त्यात ठेवली, ती दाखवायचं पान वेगळं केलं. कोर्समध्ये हे शिकवलं होतं, पण त्या दिवशी मी बहुतेक समोसे खायला गेलतो. माहितीत ताईचं खरं ते सगळं राहिलं. वैधव्यसुद्धा, उंचीच्या खाली एक ओळ. रंग उरला फक्त दाखवायच्या पानात, एकाच जागी. तिथून तो खोडला. यादी अक्षरक्रमाने लागली आणि ताई अकरावी आली.

समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे काका. त्यांनी घरी बोलावून पद्धत मोडल्याबद्दल झापलं. मी म्हटलं, लपवलं काहीच नाही, वाचलं की कळतं.

"लोकायले एका नजरेत दिसलं पाह्यजे. रंग टाक."

"काकाजी, रंग तिच्या माहितीत नाई, आपल्या डोयात हाय. मी टाकत नाई."

"मंग खाली तुहं नाव काऊन ठेवाव?"

पानाच्या तळाशी 'रचनाकार' म्हणून माझं नाव लुकलुकत असे. बायकोच्या माहेरीसुद्धा मी ते दाखवून आलो होतो. तेही दाखवायच्याच पानात होतं, एक ओळ. काकाजींच्याच कॉम्प्युटरवर बसलो आणि त्यांच्यादेखत खोडली.

वेबसाइटला हात लावणारं समितीत दुसरं कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. नाहीतर तेवढा काही मी शूर नाही. पुस्तिकेत त्या वर्षीही शेवटची पानं गुलाबीच छापली. वेबसाइटवर ताई अकरावी ती अकरावीच.