‘मजकूर खरा आहे’, खाली सही

रिटायर झाल्यावर फायली साचत नाहीत, किस्से साचतात. आणि ते निकाली काढायला वर साहेबही नसतो!

धरमपेठेत देशकर मास्तरांच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी आम्ही लिहिणारे पाच-सहा निवृत्त जमतो. वर्षानुवर्षं कथा लिहिल्या. मग ठरलं, आता फक्त स्वतःचं आणि खरं. मी जन्माचा कारकून, मी नियम सुचवला. लेखात जो माणूस येईल त्याने वाचून खाली ‘मजकूर खरा आहे’ असं लिहून सही करायची. टाळ्या वाजल्या. नियम मलाही लागू आहे, हे तेव्हा सुचलं नाही.

*

पहिला लेख गजाननरावांचा, मुलीच्या लग्नावर. शेवटी मुलगी सासरी निघते आणि पाऊस येतो. सहीला मुलगीच आली.

“बाबा, लग्न नवतप्यात होतं, मे अखेरच्या रणरणत्या उन्हात. पाऊस कुठून आणला?”

“अवं, मग शेवट कसा करू?”

“तुम्ही मंडपात झोपून राहिले होते, तसं लिहा!”

*

वासंतीबाईंनी शेजारणीच्या भांडकुदळपणावर लिहिलं. सभ्यपणा म्हणून नाव बदललं. शेजारणीने सगळं वाचलं, सही केली आणि भडकली.

“माझं नाव काहून बदललं वं? कॉलनीतल्या लोकायले समजन कसं?”

*

देशकर मास्तरांनी रामटेकच्या धाकट्या भावावर लिहिलं. तो किती आळशी, आपण किती कष्टाळू. भावाने अर्ध्या पानावरच सही केली.

“माह्याबद्दल लिहिलं ते खरं हाय, दादा. तुह्याबद्दलच्या मजकुराले दुसरा कोनी पाहा!”

*

मग माझी पाळी.

पोरगी लहान असताना तिचं धंतोलीतल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. “ऑफिसात इन्स्पेक्शन आहे, साहेब सोडत नाही,” असं मी बायकोला सांगितलं. ती एकटी थांबली. त्यावर मी पुढे कथा लिहिली. कथेतला बाप सायकल दामटत वेळेवर पोचतो. बक्षीसही मिळालं!

खरं असं, की मी रजा टाकून हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर बसलो होतो. जिना चढायची हिंमत झाली नाही. तीन चहा घेतले आणि सगळं आटोपल्यावर धापा टाकत वर गेलो.

हे लिहिलं खरं, पण सही एकाच माणसाची हवी होती. तीन रविवार कागद पिशवीत फिरवला. या वयात हिने बोलणं टाकलं तर?

शेवटी ही मेथी निवडत बसली असताना कागद समोर ठेवला. हिने चष्मा लावला. सावकाश वाचलं. पेन मागितलं. एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, सही केली.

“दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून टपरी दिसत होती,” मेथी पुढे ओढत ती म्हणाली. “चार चहा घेतले तुम्ही. तीन काहून लिहिले?”