एक ‘अ’

गाण्याच्या वर्गात माझ्या शेजारी शिंदेबाई बसतात. दवाखान्यात परिचारिका होत्या, नुकत्याच घरी बसल्यात. काल सहज त्यांच्या वहीत डोकावले. बंदिशीच्या पहिल्या दोन ओळींवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘अस्थायी’.

आमचे सर जुन्या वळणाचे. स्थायीला ते ‘अस्ताई’ म्हणतात, आणि बाईंनी कानाला लागलं तसं उतरवलं होतं. मी चूक दाखवली तशा त्या हसल्या. “बावीस वर्षं माझ्या नेमणुकीच्या कागदावर हाच शब्द होता हो. हात आपसूक तिकडेच वळला.”

मला काही हसू येईना. स्थायी, अंतरा ही नावं मला आजवर मसाल्याच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखी वाटायची, कशात काय आहे ते कळावं म्हणून लावलेली. पण अंतरा वर चढतो, तिथं मनसोक्त फिरतो, आणि गाणारा शेवटी वळतो तो त्या पहिल्या ओळीकडेच. हक्कानं परत येता येतं, म्हणून ती स्थायी. इतकी वर्षं गाऊन हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, तसं मी बाईंना बोलूनही दाखवलं.

शिंदेबाईंचा आवाज अंतऱ्यात वरच्या ‘सा’वर नेहमी फाटतो. कालही फाटला. सर म्हणाले, “राहू द्या, पुढच्या वेळी बघू.”

“नाही सर, आत्ताच.” बाईंनी पेन उचललं आणि कागद फाटेल इतक्या जोरात तो ‘अ’ खोडला. “आवाज फाटला तर फाटू दे. परत कुठं यायचं ते आता ठाऊक आहे मला.”