पंधरावा शेंगदाणा

मला पंधरापर्यंत मोजता येतं. हे मुद्दाम लिहून ठेवावं लागतंय, कारण ठाणे ते मोहने या टापूत निदान दोनशे माणसं अशी आहेत की ज्यांचा यावर विश्वास नाही. त्यांत माझी सख्खी आई आहे आणि सख्खी बायकोही आहे. आणि मी डोंबिवलीत गेली चोवीस वर्षं गणिताचा क्लास चालवतो!

माझी बायको नीलिमा चालते. तसे सगळेच चालतात, पण ही शर्यतीत चालते. चालण्याची शर्यत तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो : प्रचंड घाई लागलेल्या माणसाने घाई नसल्याचं नाटक करत, कंबर हलवत, पळायचं सोडून सगळं करायचं. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही उचलले की पंच ताकीद देतात. (मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो होतो. त्या रात्री मला भाजी मिळाली नाही.)

दरवर्षी ठाण्याला आमच्या भागाचा मोठा क्रीडा महोत्सव भरतो. एका मांडवात कॅरम, शेजारी कबड्डी, मधल्या मैदानावर धावणं, उड्या, गोळाफेक. त्यात पंचेचाळीस वर्षांवरच्या महिलांची तीन हजार मीटर चालण्याची शर्यत असते आणि राज्यस्पर्धेला फक्त पहिली जाते. मागच्या वर्षी पहिल्या आल्या मोहन्याच्या भोईरताई. नीलिमा दुसरी. त्या दिवसापासून वर्षभर ही बाई पहाटे पाचला उठून चालत होती. घरात मिक्सर सुरू करायलासुद्धा ती कंबर हलवत जायची.

यंदा उशीर नको म्हणून आदल्या दिवशीच आम्ही नौपाड्यात माझ्या बहिणीकडे मुक्कामाला गेलो आणि सकाळी रिक्षाने मैदानावर पोचलो. मी, नीलिमा आणि माझी आई. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, पण सून चालणार म्हटल्यावर ती घरी थांबणं शक्य नव्हतं. सोबत छत्री, पाण्याची बाटली आणि खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा.

मैदान दोनशे मीटरचं. फक्कीने आखलेलं. म्हणजे पंधरा फेऱ्या. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, "फेऱ्या मोजायला माणसं कमी आहेत. प्रत्येक स्पर्धकाच्या घरचा एक जण द्या. मात्र आपल्या माणसाच्या फेऱ्या आपण मोजायच्या नाहीत!"

"तुम्ही जा," नीलिमा म्हणाली. "गणिताचे शिक्षक आहात. आयुष्यात एकदा तरी उपयोग होऊ दे."

चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि माझ्या वाट्याला कोण यावं? भोईरताई! आणि भोईरताईंच्या यजमानांच्या वाट्याला नीलिमा. भोईरभाऊ माझ्याकडे बघून हसले. "मास्तर, नीट मोजा हां. मी तुमच्या मंडळींच्या नीट मोजतो."

त्यांनी खिशातून कागद काढला, पेन काढलं. मी खिसे चाचपले. पेन नाही. चोवीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस आणि पेन नाही! मागून आईचा आवाज आला, "त्यात काय एवढं? मी सोमवती अमावास्येला पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालते, त्या काय कागदावर लिहिते? प्रत्येक फेरीला एक दाणा ठेवायचा. दाणे संपले की फेऱ्या संपल्या." आणि तिने मोजून पंधरा खारे शेंगदाणे माझ्या डाव्या खिशात घातले. "एक फेरी झाली की एक उजव्या खिशात. कळलं?"

"आई, मला मोजता येतं."

"म्हणूनच सांगत्ये."

शिट्टी वाजली. एक फेरी, एक दाणा. दोन फेऱ्या, दोन दाणे. पद्धत इतकी सुंदर होती की पुढच्या वर्षी क्लासमध्येही वापरावी असं मी ठरवून टाकलं. सहाव्या फेरीला भोईरताई पुढे आणि नीलिमा चाळीस पावलं मागे. आठव्याला तीस. नवव्याला पंचवीस! मला राहवेना. "चल नीलू! चल!" मी ओरडलो.

"मास्तर, तुमी आमच्या मंडळींच्या मोजताय," भोईरभाऊंनी आठवण करून दिली.

"मोजतोय की!" मी म्हटलं आणि मोजत राहिलो.

आता इथे एक कबुली. मॅच रंगात आली की माझा हात आपोआप खाण्याकडे जातो. घरी टीव्हीवर क्रिकेट असलं की नीलिमा फरसाणाचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवते. पण मैदानावर खिसा हाच डबा होता आणि तो दुसऱ्या खोलीत कसा ठेवणार? दाणा तोंडात केव्हा गेला, कसा गेला, देव जाणे. मला तर चवही आठवत नाही.

थोड्या वेळाने डाव्या खिशात एकच दाणा लागला. भोईरताई समोरून येत होत्या. मी हात उंचावून गरजलो, "ताई, शेवटची फेरी!"

भोईरताई जीव तोडून चालल्या. हात, कंबर, खांदे, सगळं एकदम सुटलं. पूर्ण वर्तुळ मारून त्या रेषेवर आल्या. खिसा रिकामा! मी दोन्ही हात वर केले, "संपलं!" मोहन्याच्या मंडळींनी जल्लोष केला. कोणीतरी हारही आणला होता. ताई गवतावर बसल्या, बूट काढले आणि पाय पसरून पाणी प्यायल्या.

वीस पावलांनी नीलिमा आली आणि थांबलीच नाही. तशीच पुढे!

"अहो वहिनी, संपली शर्यत!" लोक हसायला लागले. मलाही वाटलं, उन्हाने हिचं डोकं फिरलं. पण भोईरभाऊ मात्र हसत नव्हते. ते कागदाकडे बघून ओरडत होते, "वहिनी, आता एकच! एकच बाकी!"

नीलिमाने पूर्ण फेरी मारली, रेषा ओलांडली आणि मगच थांबली.

पंचबाईंनी आम्हा दोघांना टेबलाशी बोलावलं. भोईरभाऊंचा कागद : चार उभ्या रेघा, एक आडवी, असे तीन सुबक गठ्ठे. पंधरा. "तुमचं?" मी उजवा खिसा टेबलावर रिकामा केला. पंचबाईंनी बोटाने एकेक दाणा सरकवत मोजला.

"चौदा."

"अहो, असं कसं होईल? आईने पंधरा—"

"मी पंधराच दिले होते!" आई छत्री टेकत पुढे आली. "याने खाल्ला! लहानपणापासूनची खोड आहे मेल्याची. एका सोमवतीला माझ्या पुड्यातले चार खाल्ले होते. मी एकशे चारच प्रदक्षिणा घातल्या. देवाच्या चार अजून बाकी आहेत!"

सगळं मैदान हसलं. नाही हसले ते मोहन्याचे लोक. नियम सरळ होता : भोईरताईंच्या चौदाच फेऱ्या, शर्यत अपूर्ण. नीलिमा पहिली.

"वा मास्तर," भोईरभाऊ थंडपणे म्हणाले. "आमच्या मंडळींचं तुमी मोजलं आणि पयल्या आल्या तुमच्या मंडळी. पोरांना काय शिकवता ओ तुमी? वजाबाकी?"

मी शपथ घेतली, कान धरले, आणि तरी आतून, खोटं कशाला बोलू, जरा गुदगुल्या होत होत्या. बायको राज्यस्पर्धेला जाणार! मी नीलिमाकडे वळलो. तिचा चेहरा पाहिला आणि गुदगुल्या थांबल्या.

"हे सोन्याचं पदक मी घेणार नाही."

"अगं, पण नियमाने—"

"तुम्ही गप्प बसा. शेंगदाणे खा." मग पंचबाईंना म्हणाली, "मॅडम, चौदाव्या फेरीला ताई माझ्या वीस पावलं पुढे होत्या. त्यांना वीस पावलं पुढे उभं करा. एक फेरी दोघींची. जी पहिली, ती पहिली."

पंचबाई विचारात पडल्या. भोईरताई बूट घालत उठल्या. "पण अगं, तू एक फेरी जास्तीची चाललीस. दमलीयेस."

"आणि तुम्ही बसलात. पाय गार पडलेत. फिट्टंफाट."

वीस पावलं मोजून फक्कीची नवी रेघ मारली गेली. (मी मदतीला पुढे झालो तर चौघांनी मला मागे ओढलं.) फेरी एकच होती, मोजण्यासारखं काही नव्हतं. तरीही पंचबाईंनी मला कुंपणाबाहेर उभं केलं.

जाळीला नाक लावून मी जे पाहिलं, ते विसरणार नाही. कबड्डी थांबली होती. कॅरमवाले मांडवातून बाहेर आले होते. वीसची पंधरा झाली, वळणावर आठ, शेवटच्या सरळ पट्टीत चार. आई छत्री फिरवत होती. भोईरभाऊ तर भान हरपून दोघींचीही नावं घेत होते. आणि रेषेवर... दोन पावलं. फक्त दोन पावलांनी भोईरताई पहिल्या.

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझ्या गळ्यात कोणी पडलं नाही.

रिक्षात मीच धीर करून म्हणालो, "नीलू, चुकलं माझं."

ती बाहेर बघत म्हणाली, "वीस होती. दोनवर आणली." आणि रौप्यपदक रुमालाने पुसत हसली. मग माझ्याकडे वळली आणि हसणं थांबलं. "पुढच्या वर्षी ती दोनही खाणार मी. आणि उद्यापासून तुम्हीही चालणार माझ्याबरोबर."

आता रोज पहाटे मी मैदानावर पंधरा फेऱ्या घालतो. रविवारी भोईरताईही येतात. मागच्या खेपेला माझ्यासाठी त्यांनी शेंगदाण्यांची पुडी आणली होती. वर लिहिलं होतं, 'मास्तरांना. मोजलेले नाहीत.'

फेऱ्या मोजायला मात्र मला दाणे मिळत नाहीत. नीलिमा निघताना माझ्या डाव्या खिशात स्वतःच्या हाताने खडे घालते. खडे खाता येत नाहीत. एक फेरी, एक खडा, खिसा रिकामा झाला की घरी.

परवा पाय फारच दुखायला लागले, म्हणून शंका आली आणि घरी आल्यावर उजव्या खिशातले खडे मोजून पाहिले. अठरा निघाले. दोनदा मोजले. अठराच. आईला सांगितलं, नीलिमाला सांगितलं, रविवारी भोईरताईंनाही सांगितलं.

तिघीही एकच म्हणाल्या, "मोजण्यात काहीतरी चुकत असेल."